अमळनेर ते स्टॅनफर्ड : तयारी कशाची करायची?

अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची गोष्ट खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. १९४५ साली तेथे स्थापन झालेली कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली. १९६६ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि अझीम प्रेमजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. तेव्हा त्यांचे वय होते एकवीस. अपुरी राहिलेली पदवी त्यांनी बऱ्याच वर्षांनी पूर्ण केली. म्हणजे अमळनेर आणि स्टॅनफर्ड यांची ओळख तशी जुनीच. पण तेव्हा असे शिक्षण उद्योगपतींच्या घरचे होते. आता जळगावच्या शिक्षकाच्या आणि धुळ्याच्या देवपुरातल्या बँक कर्मचाऱ्याच्या घरीही मूल नववीत गेले की विचारते, ‘बाबा, मला हार्वर्डला जाता येईल का?’

यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याची परीक्षा कोणती आणि क्लास कुठे? आपली पहिली चूक होते ती इथेच. आयआयटीला जशी एकच प्रवेश परीक्षा असते, तशी ती तिकडे नाही. ‘सॅट’ ही परीक्षा आहे आणि हार्वर्ड, एमआयटी यांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे. पण ती केवळ उंबरठा आहे. तिचा अधिकृत सराव संगणकावर फुकट मिळतो. उंबरठ्याच्या आत वेगळीच तपासणी असते. नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण, मुलाने स्वतः लिहिलेले निबंध, शाळेचा अहवाल आणि बहुधा दोन शिक्षकांची पत्रे. एमआयटी तर एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाचे मागते.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. दहावीनंतर हुशार मुलाचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात केवळ हजेरीपुरते असते. खरे शिक्षण क्लासमध्ये चालते. दोन वर्षांत ज्या प्राध्यापकाने मुलाचा चेहराही पाहिला नाही, तो पत्रात लिहिणार काय? ‘विद्यार्थी हुशार व आज्ञाधारक आहे’ एवढेच. हे वाक्य जगातल्या प्रत्येक मुलाबद्दल लिहिता येते, म्हणून त्याला किंमत नाही. या मुलाने वर्गात कोणता अवघड प्रश्न विचारला, चुकल्यावर काय केले, हे सांगू शकणारा शिक्षक हवा. तो विकत मिळत नाही. त्यासाठी मुलाने शाळेत असावे लागते.

दुसरा गैरसमज छंदांचा. प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली म्हणजे काम झाले, असे काही पालकांना वाटते. त्यापेक्षा एकाच गोष्टीचा तीन-चार वर्षे केलेला पाठपुरावा अधिक बोलतो आणि विषय शोधायला मुंबईला जावे लागत नाही. रावेर-यावलच्या केळीवर करपा कधी आणि का वाढतो याच्या नोंदी, गिरणेच्या आवर्तनाचा आपल्या गावच्या विहिरींवर होणारा परिणाम, आजीच्या तोंडची अहिराणी उतरवून केलेला छोटा शब्दकोश : यातले काहीही खरे संशोधन होऊ शकते. गणिताची आवड असेल तर ऑलिम्पियाडची पहिली पायरी आठवीपासूनच खुली आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेतील अशा खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे सुमारे ७० लाख रुपये आहे. आकडा ऐकूनच छाती दडपते. मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर गरजेप्रमाणे मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणाऱ्याची संधी कमी होते. आपल्या शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तीही पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी, बारावीनंतरच्या पदवीसाठी नव्हे. म्हणूनच बहुतेक मध्यमवर्गीय घरांना पदवी इथे घेऊन पुढच्या शिक्षणाला बाहेर जाण्याचा मार्गच शहाणपणाचा आहे. शेत विकून किंवा घर गहाण ठेवून अठराव्या वर्षी मुलाला पाठवण्याची घाई करू नये आणि ‘प्रवेशाची हमी’ देणाऱ्या दलालाच्या दारात तर उभेच राहू नये. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

कारण हार्वर्ड किंवा एमआयटीला अर्ज करणाऱ्या शंभरातल्या चार-पाच जणांनाच प्रवेश मिळतो. उरलेल्यांतही हुशार मुलेच असतात. शिवाय प्रवेश मिळाला म्हणजे सारे निभावले असेही नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच रद्द केला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या दोन दिवसांत किती घरांत झोप लागली नसेल!

मग तयारी करूच नये का? जरूर करावी, पण एक कसोटी लावून. प्रवेशाचे पत्र आलेच नाही, तरी ही चार वर्षे मुलाच्या उपयोगी पडतील का? इंग्रजीत स्वतःचा विचार नीट मांडता येणे, एका विषयात खोल उतरणे, शिक्षकांशी खरे नाते जुळणे, आपल्या गावाचे पाणी आणि भाषा ओळखणे : ही शिदोरी बोस्टनला जितकी कामाची, तितकीच पुण्याला आणि जळगावच्या विद्यापीठातही. ज्या तयारीतून नकारपत्राच्या दिवशी हाती काहीच उरणार नसेल, ती मात्र आजच थांबवलेली बरी. आणि हो, नववीतल्या मुलाने प्रश्न विचारला, की क्लासचा पत्ता शोधण्याआधी त्यालाच एकदा विचारा : ‘तुला तिथे जाऊन शिकायचे आहे तरी काय?’