विमानाला मोकळे आकाश, गवळ्याला दंड

फलटण तालुक्यातील शेतकऱ्याचा विमानाशी संबंध तो काय? नीरा उजव्या कालव्यावरील ऊस आणि गोठ्यातील दोन-चार गाई यांवर त्याचा संसार चालतो. विमान तो पाहतो ते डोक्यावरून जाताना. तरीही विमानांवरील जकातीचा इतिहास त्याने समजून घेतला पाहिजे. कारण ‘मुक्त व्यापारा’त मुक्त कोण आणि बांधलेला कोण, हे तेथे लख्ख दिसते.

१९७९ साली अमेरिका, युरोपीय देश, जपान, कॅनडा आदींनी नागरी विमानांच्या व्यापाराचा करार केला आणि १९८० पासून विमाने, इंजिने व सुटे भाग यांवरील आयातकर आपसांत रद्द केला. भारत त्यात सामील नाही. त्याच काळात अमेरिका व युरोप गरीब देशांच्या कापडावर कोट्याची बंधने घालीत होते. श्रीमंतांच्या मालाला मुक्ती, कष्टकऱ्यांच्या मालाला कुंपण!

पुढे बोइंग व एअरबस यांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्यावरून अमेरिका आणि युरोप भांडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने युरोपच्या मोठ्या विमानांवर १० टक्के जादा कर बसविला. चीज, ऑलिव्ह व वाइन यांवर मात्र २५ टक्के. भांडण विमानांचे, जबर दंड गवळ्याला आणि द्राक्षबागाईतदाराला! जुलै २०२५ च्या अमेरिका-युरोप समझोत्यातही विमाने करमुक्त झाली, वाइनवर १५ टक्के राहिले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के कर लादला. त्यात सोलापूरचे टॉवेलही सापडले.

२७ जानेवारी २०२६ रोजी भारत व युरोपीय संघ यांनी व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. युरोपीय विमाने व तत्सम मालावरील ११ टक्क्यांपर्यंतचा भारतीय कर त्यानुसार जवळजवळ संपूर्ण जाणार आहे. युरोप आपल्या कापडावरील कर सोडणार आहे, हे मान्य केले पाहिजे. दूधही करारातून वगळले आहे. मग तक्रार कसली, असे सरकारचे समर्थक विचारतील.

दूध वगळले गेले ते कोणाच्या कृपेने नव्हे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत ‘आरसेप’ करारातून बाहेर पडला, तो न्यूझीलंडच्या दूध भुकटीविरुद्ध शेतकरी व दूध संघ उभे राहिले म्हणून. जे झगडून मिळाले, ते बेसावध राहिल्यास जाऊही शकते. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या देशाने कर सोडताना बदल्यात काय मागितले, कोणासाठी मागितले, याचा जाब कोणी द्यायचा?

आपल्या राज्यघटनेप्रमाणे असा करार करण्यास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. शेती हा राज्यांचा विषय. पण कलमांवर विधानसभेत चर्चा होण्याचे बंधन नाही. बंद दालनात जे विमानाला मिळते, ते फलटणच्या गवळ्याला मिळत नाही, कारण त्या दालनात त्याला खुर्चीच नाही. म्हणून मागणी एकच आहे: प्रत्येक व्यापार करार सहीपूर्वी संसदेत व विधानसभांत कलमवार मांडला गेला पाहिजे. जनतेला न विचारता केलेल्या करारात व्यापार मुक्त असेल, जनता नसते.