ळ, क्ष, ज्ञ शेवटीच!



हिंगोलीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी लावायला नातवाने हास्केल भाषेत प्रोग्राम केला. (ही फंक्शनल भाषा, म्हणजे बीजगणितासारखी. तेच दिलं की तेच उत्तर.) तयार लायब्ररी कुठली घ्यायची, यावर आमचं वाजलं. तो म्हणे, सगळे वापरतात ती. त्याने ‘टेक्स्ट’ घेतली. ती वाईट नाही, कंपायलरसोबतच येते. पण यादीत क्षीरसागर आडनाव कोरडेनंतर आणि खरातच्या आधी! ही लायब्ररी युनिकोडच्या आकड्यांनी तुलना करते. तिच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. ळ तर चक्क व च्या आधी. जन्मभर वर्णमाला शिकवलेल्या माणसाने हे चालवून घ्यायचं?

मग त्यानेच ‘टेक्स्ट-आयसीयू’ शोधली. तिला भाषा मराठी आहे असं सांगितलं की क्रम आपल्यासारखा लागतो. त्यासाठी आयसीयू ही सी/सी++ भाषांतली लायब्ररी वेगळी बसवावी लागते, म्हणून स्वारी कुरकुरली. त्याची कुरकुर अगदीच खोटी नव्हती. जितकी परावलंबनं, तितकी जोखीम. २०१६ साली जावास्क्रिप्टमधली ११ ओळींची लेफ्ट-पॅड तिच्या लेखकाने काढून घेतली, तर जगभरचे प्रोग्राम अडले होते. तेवढ्या ओळी घरीच लिहाव्यात. मराठीचा वर्णक्रम मात्र घरी लिहायची गोष्ट नव्हे. तिथे मी उसनवारी करीन.

पण डाउनलोडचा आकडा बघून नाही. आधी आपली दहा अवघड नावं तिच्यातून काढून बघायची. आम्ही बघितली. क्षीरसागर आता शेवटी आहे.