आम्हाला चुना लावू नका

काळ्या माणसाला ऊन लागत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. तो बहुधा सावलीत बसलेल्या माणसांनी पसरवलेला असावा. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डात वैशाखातल्या दुपारी कांद्याच्या ट्रॉलीवर बसून लिलावाची वाट बघणाऱ्या एकाही माणसाने हे मत माझ्यापाशी मांडलेलं नाही. मांडतात ते दुकानदार आणि लग्नं जमवणारे मामालोक. दोघेही पंख्याखाली असतात.

मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे आणि सावळा आहे. तिन्ही गोष्टी आता कायम स्वरूपाच्या झाल्या आहेत. ‘सावळा’ हा शब्द आपला सौजन्याचा. आमच्या आत्याबाई सरळ तव्याशी तुलना करीत. कन्या माझ्या वळणावर गेली. कॉलेजात जाते, स्कूटीवर हिंडते, आणि पावसाळा सरता सरता तिच्या गालांवर काळसर चट्टे दिसू लागतात. याला मराठीत वांग म्हणतात. (वांग्याशी संबंध नाही. हा खुलासा मला घरी दोनदा करावा लागला.) तेव्हा उन्हाचं मलम, ज्याला हल्ली सगळे सनस्क्रीन म्हणतात, ते आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“भाऊ, तुम्हाला कशाला लागतंय ते? आपला रंग पक्का आहे.”

“मुलीसाठी पाहिजे.”

“ताईसाठी? मग हे न्या. सनस्क्रीन पण आहे, आणि आठ दिवसांत दोन शेड उजळ.”

मंडळी, माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे. पहिल्यात मला गिऱ्हाईक म्हणून नाकारलं आणि दुसऱ्यात माझ्या मुलीला दुरुस्तीला काढलं. तुम्ही बँकेत छत्री ठेवायला लॉकर मागितलात आणि आम्ही म्हणालो, “लॉकर कशाला, छत्रीच बदलून देतो,” तर तुम्ही काय म्हणाल? तेच मी म्हणालो. छापण्यासारखं नाही.

आता पक्क्या रंगाबद्दल. पक्का रंग म्हणजे धुतल्यावर जात नाही इतकंच. उन्हात विटणार नाही, असं कापडवालासुद्धा लिहून देत नाही. कातडीतलं मेलॅनिन नावाचं द्रव्य उन्हाला थोडं अडवतं हे खरं, आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्यासारख्यांत गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी असतं हेही खरं. जे खरं आहे ते जमेला धरलंच पाहिजे, मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. पण खात्याला नावेची बाजूही असते. गोरा माणूस उन्हात लाल होतो, सोलतो आणि चार दिवसांनी पूर्ववत होतो. आपण लाल दिसत नाही, म्हणून कुणाला दया येत नाही. आपल्याकडे ऊन हिशेब डागांत मांडतं. एक पुटकुळी येऊन गेली की तिची खूण सहा-सहा महिने राहते. वांग एकदा गालावर आला की कूळकायद्यातल्या कुळासारखा हलत नाही. शिवाय गडद कातडीवर नुसती अतिनील किरणंच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही डाग गडद करतो. हे आपल्यालाच जास्त होतं, गोऱ्यांना तितकं नाही. म्हणजे ज्याला ‘तुम्हाला कशाला?’ म्हणायचं, त्यालाच अधिक विचारपूर्वक मलम निवडावं लागतं.

दुसरं वाक्य जास्त जुनं आहे. हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणलं १९७५ साली. पंचेचाळीस वर्षं ते नाव देशातल्या मुलींना उद्देशून आरशावर उभं होतं. २०२० साली जगभर बोंब झाली तेव्हा ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. पाटी बदलली. गिऱ्हाइकाच्या डोक्यातली पाटी बदलायला कंपनीला कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकला पंचवटीत काळाराम आहे आणि गोरारामही आहे. जास्त रांग कोणाकडे असते ते नाशिककरांना विचारा. विठोबाचा काळेपणा तर आपण टाळ्या वाजवून गातो. पण त्याच काळारामाचं दर्शन घेऊन परतताना गाडीत मुलीचा फोटो फिरला, की पहिला आवाज येतो, “नाकीडोळी छान आहे हो, पण...” त्या ‘पण’वर या देशात कारखाने चालले आहेत.

आणि सगळे कारखाने परवान्याचे नसतात. २०२३ साली अकोल्याची बातमी पेपरात आली होती. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनी गोरं करणारं क्रीम लावलं आणि तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात प्रमाणाबाहेर पारा निघाला. पारा! जो थर्मामीटरमधून सांडला तर आपण पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवतो. स्टिरॉइडच्या मलमांची तीच कथा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केले. त्यानंतरही “चेहऱ्यावर पटकन फरक पडेल असं काहीतरी द्या” म्हटलं की काउंटरखालून कुठली ट्यूब निघते, हे ज्याचं त्याने आपापल्या गावात बघावं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, आणि मग उन्हात उभं राहवत नाही. ऊन सोसायचं मलम मागायला गेलेली बाई असं ऊन न सोसणारं तोंड घेऊन घरी येते.

बरं, ‘उजळ’वालं नको, नुसतं सनस्क्रीन द्या म्हटलं, तर पुढे चुन्याचा प्रसंग येतो. शेजारच्या काकूंनी कन्येला एक चांगल्यापैकी महाग ट्यूब भेट दिली. ती लावून ती बाहेर आली तेव्हा आमच्या हिने विचारलं, “गिरणीत गेली होतीस का गं?” दोष पोरीचा नव्हता. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायॉक्साइड ही दोन पांढरी पूडद्रव्यं ऊन उत्तम अडवतात, पण सावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी दिसतात. क्रिकेटवाले नाकाला पांढरं फासतात ते हेच. त्यांना त्याचे पैसे मिळतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला नुसती टोपणनावं मिळतात.

याचं मूळ मला वंशावळीत सापडलं. फ्रान्झ ग्रायटर नावाचा एक ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ १९३८ साली पिझ बुइन नावाच्या बर्फाळ शिखरावर चढताना उन्हाने भाजला, आणि पुढे १९४६ साली त्याने हिमनदीच्या नावाचं मलम काढलं. म्हणजे ही विद्या बर्फातल्या गोऱ्या गड्यासाठी जन्मली. आमच्या निफाड तालुक्याचं तापमान थंडीत राज्यात सर्वांत खाली गेल्याचं पेपरात येतं हे मान्य. पण म्हणून आम्ही आल्प्समध्ये मोडत नाही. गोऱ्या गिर्यारोहकाचा अंगरखा सावळ्या पिंपळगावकराला चढवायचा आणि बसला नाही की अंगालाच नावं ठेवायची, हा काय न्याय झाला?

तेव्हा दुकानदार बंधूंनो, आमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की काय दाखवायचं ते मीच सांगतो.

पांढरं न दिसणारं दाखवा. एक तर पारदर्शक जेल किंवा पातळ द्रव, नाहीतर रंगाची छटा असलेलं. त्या छटेत आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे आपल्या गेरूच्या भावकीतलं द्रव्य. (भावकी म्हटलं, म्हणून तुळशीवृंदावनाचा डबा उघडू नये.) दिसणाऱ्या उजेडापासून होणारे डाग अडवायला हेच उपयोगी पडतं, म्हणून वांग असलेल्याने छटेचंच घ्यावं. मात्र ‘सर्वांसाठी एकच’ अशी गुलाबी छटा माथी मारू नका. जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघू द्या. ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात.

आमचा वैशाख कोरडा असतो, त्यात काहीही खपतं. कसोटी लागते ती मृगानंतर, आणि खरी लागते ऑक्टोबरच्या उकाड्यात. टोमॅटोचा हंगाम, यार्डात क्रेटच्या थप्प्या, हवा ओल्या फडक्यासारखी. अशा वेळी तेलकट क्रीम लावलं तर दहा मिनिटांत ते घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि माणूस भाव पडल्यासारखा रडतो. म्हणून हलकं, तेल नसलेलं, आणि वेष्टनावर पाण्याला टिकणारं असल्याचं लिहिलेलं दाखवा. ते टिकणंसुद्धा चाळीस किंवा ऐंशी मिनिटांचं असतं, आयुष्यभराचं नव्हे. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम पुसला की पुन्हा. आणि ढग आले म्हणून रजा नाही; अतिनील किरणं ढगांतून येतात.

आकड्यांचं मी बघतो, तो माझा प्रांत. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के किरणं अडवतं, ३० अडवतं ९७ टक्के आणि ५० अडवतं ९८ टक्के. आकडा वाढतो म्हणून संरक्षण त्या हिशेबाने वाढत नाही. ठेवीवर असा व्याजदर दिला तर लोक बँकेच्या काचा फोडतील. पण आपण सगळे मलम कंजूषपणे लावतो, म्हणून ३०च्या खाली उतरू नये, ५० मिळालं तर घ्यावं, आणि शंभरासाठी कर्ज काढू नये. एसपीएफ सांगतं ते फक्त भाजणाऱ्या किरणांचं. दुसऱ्या जातीची, काचेतूनही आत येणारी किरणं असतात, त्यांच्यासाठी ‘पीए’ असं लिहून पुढे अधिकची चिन्हं दिलेली असतात. तीन-चार तरी बघून घ्यावीत. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवून खिडकीकडची अर्धी बाजू सुरकुतून गेलेली, दुसरी बरी. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या आमच्या ट्रकवाल्यांनी तो ढाब्यावर टांगायला हरकत नाही.

आता खर्च. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल इतकं मलम लागतं, साधारण एक ग्रॅम. दिवसातून तीनदा म्हणजे तीन ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब सतराव्या दिवशी दात दाखवते. चारशेची ट्यूब धरली तरी महिन्याला सातशेच्या वर गेले, हातांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. वर सरकार हिला सौंदर्यप्रसाधनात धरून अठरा टक्के कर लावतं. कुंकू आणि टिकली करमुक्त आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हात खुरपणाऱ्या बाईचं मलम नटण्यामुरडण्यात जमा करणाऱ्या अधिकाऱ्याला एक आठवडा यार्डात माल उतरवायला लावला पाहिजे, बिनटोपीचा.

ज्याला हे परवडत नाही त्याने लाजू नये. घट्ट विणीचं, शक्यतो गडद रंगाचं सुती कापड फार चांगलं काम करतं. आमच्या मुली स्कूटीवर डोळे सोडून सगळं बांधून जातात, त्यांना लोक हसतात. त्यांचंच बरोबर आहे. रुंद काठाची टोपी त्याहून सोयीची. गांधी टोपीबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ती डोकं झाकते, नाक नाही.

हे सगळं मी परवा काउंटरवर आमच्या एका बागाईतदार खातेदाराला ऐकवलं. मोठी द्राक्षबाग. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला हे लोक घडन् घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात, का तर मणी उन्हाथंडीने गुलाबी पडू नयेत. रंग बदलला की भाव पडतो. गुंडाळायला दिवसभर बाया असतात, त्यांच्या तोंडावर त्यांचाच पदर.

मी म्हणालो, “दादा, घडाला कागद आहे. गुंडाळणाऱ्या मावशींना काय?”

त्यांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नाही.

“टोप्या देऊ म्हणता? आणि मलमाची एक मोठी बाटली?”

“बागेच्या डब्याजवळ ठेवा. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावतील.”

“ते पीककर्जात बसतं का?”

मी अर्ज उघडला. औषधं, खतं, मजुरी, वाहतूक, आच्छादन.

“आच्छादनात लिहा,” म्हटलं. “साहेबांनी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.”