उंची खुंटते म्हणे!

तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं डंबेल हातात घेतलं की घरात एकच ओरड, उंची खुंटेल! अहो, कोल्हापूरच्या तालमीत एवढीच पोरं जोर-बैठका मारतात, तेव्हा कुणाला उंची आठवत नाही. जोर म्हणजे तरी काय, स्वतःचंच वजन उचलणं ना? हलकं वजन आणि नीट शिकवणारा समोर असेल तर या वयातही वजनं उचलता येतात. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ५ ते १७ वयाला आठवड्यात निदान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम सांगते.

भ्यायचंच असेल तर गल्लीतल्या जिमला भ्या. तिथला 'सर' कालपरवा बायसेप्स आलेला. पहिल्या महिन्यात 'किती मारतोस?', दुसऱ्या महिन्यात पावडरचा डबा गळ्यात, पुढं गुपचूप इंजेक्शन. हाडांची वाढ वेळेआधी थांबते ती या स्टेरॉइडनं! लोखंडाला उगाच बदनाम करता.

आणि शाळेतला पीटीचा तास गणिताला कोणी दिला? आपणच मान डोलावली ना? मग पोरगं रील बघूनच शिकणार. फी भरण्याआधी त्या सरांना विचारा तरी, शिकलात कुठं? डब्यात काय आहे?