पफ पॅनलचं छत: सातारा-सांगलीत धंदा आहे, पण तो पॅनल विकण्यात नाही



"सर, पफ पॅनलची डीलरशिप घेऊ का?" हा प्रश्न मला हल्ली सारखा येतो. कधी कराडहून, कधी विट्याहून, कधी फलटणहून. विचारणारा बहुतेक पंचवीस-तिशीतला असतो. घरचं थोडंफार सोनं किंवा गुंठाभर जमीन मोडायची तयारी असते आणि बँकेत फाईल टाकायची असते. व्हिडिओत दहा मिनिटांत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. डीलरशिपच्या मागं लागू नका, फिटिंग शिका. का, ते पुढं वाचा.

माझ्याच गच्चीवरची गोष्ट

मी व्हिडिओ जिथं करतो ती खोली गच्चीवर आहे. आधी तिच्यावर साधा पत्रा होता. मे महिन्यात दुपारी बारानंतर तिथं बसणं अशक्य, फोनसुद्धा तापून बंद पडायचा. पावसाळ्यात वेगळाच ताप. पत्र्यावर ताशा वाजायला लागला की रेकॉर्डिंग बंद. शेवटी पत्रा काढून ५० मिलिमीटरचं पफ पॅनल टाकलं. उन्हाळा सुखाचा गेला. मी खूश.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला आणि खोलीत तीन ठिकाणी बादल्या ठेवायला लागल्या. ज्यानं काम केलं होतं त्याला फोन केला. आज येतो, उद्या येतो असं करत तो आलाच नाही. मग कुणीतरी तासगावकडचा एक मुलगा सुचवला. तो बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पॅनल बसवायचं काम करायचा. त्यानं वर चढून पाहिलं आणि म्हणाला, "पॅनलला काही झालं नाही. स्क्रू चुकीच्या जागी मारलेत, आणि आढ्यावरची पट्टी नुसती ठेवलीय, आत सीलच नाही."

स्क्रू पन्हाळीत मारले होते, म्हणजे नेमके जिथून पाणी वाहतं तिथं. ते उंचवट्यावर मारायचे असतात. त्यानं अर्ध्या दिवसात काम केलं आणि सांगितले तेवढे पैसे घेतले. मी खुशीनं दिले. त्यानंतर गळती नाही.

पॅनल विकणारा मला सहज मिळाला होता. नीट बसवणारा मिळायला आधी खोलीत पाणी साचावं लागलं. धंदा कुठं आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

हे पॅनल म्हणजे नक्की काय

दोन बाजूंना कलर कोटेड पत्रा आणि मधे पॉलीयुरेथेनचा घट्ट फेस. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये तुम्ही लाकडी बोर्डांच्या मधे थर्मोकोल भरलेली पॅनल बघता, ती याचीच चुलत भावंडं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेत १९३५ च्या सुमारास अशा पॅनलच्या घरांचे प्रयोग सुरू झाले. तिथं भिंत, छत सगळं पॅनलवरच उभं राहतं. आपल्याकडं वाळवी आणि पावसाळा बघता लाकडी बोर्डाचं काम जपूनच. आपल्याला सोयीचं आहे ते पत्र्याचं पॅनल. त्याला खाली लोखंडी कैच्या आणि पर्लिन लागतात, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर नुसत्या पॅनलचा भाव ऐकून तो हो म्हणतो आणि लोखंडाचं बिल बघून भांडतो.

आता गारव्याचं. ५० मिलिमीटर पफ उष्णता जेवढी अडवतो, तेवढी अडवायला कागदावर तीन मीटरहून जाड काँक्रीट लागेल. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. छतातून उष्णता किती आत यावी याची त्यातली कमाल मर्यादा १.२ आहे (वॅट, दर चौरस मीटरला, दर अंशाला). नुसता पत्रा सहाच्या आसपास जातो, उघडा स्लॅब तिनाच्या वर. ५० मिलिमीटरचं पॅनल अर्ध्याच्या आत राहतं.

पण म्हणून "एसीची गरजच नाही" असं विकू नका. छत गार झालं तरी पश्चिमेची भिंत आणि काच तापतेच. आत आलेली उष्णता बाहेर जायला वरती झरोका नसेल, तर तेच पॅनल ती रात्रभर आत धरून ठेवतं. कोल्ड स्टोरेजला हे चालतं, घराला चालत नाही.

आपल्या भागाला हे का पटेल

माण, खटाव, आटपाडी, जत भागात जुनी माळवदाची घरं अजून दिसतात. वर हातभर मातीचा थर, दुपारी आत गार. पण ते वजन केवढं! १९९३ साली किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरची माती एकदम खाली आली, तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. सातारकरांना तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या थोरांकडून ऐकून माहीत आहे.

मग पत्रा आला. हलका आणि स्वस्त, पण उन्हाळ्यात भट्टी. म्हणजे गार छत जड होतं आणि हलकं छत तापत होतं. ५० मिलिमीटरचं पॅनल चौरस मीटरला साधारण १० ते ११ किलो भरतं, पाच इंची स्लॅब तीनशे किलोच्या वर. हलकंही आणि गारही, असं छत सामान्य माणसाला आत्ता कुठं मिळायला लागलंय.

गिऱ्हाईक तीन प्रकारचं आहे. सातारा, कराड, सांगली, मिरजेत गच्चीवर एखादी खोली काढणारे. पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात पत्र्याच्या घरात राहणारे. आणि पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणकडं होम स्टे चालवणारे. पूर्वेला उकाडा विकत घेणारा भेटत नाही, पण उकाडा घालवणारा हवा असतो. पश्चिमेला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं पाहुण्याला रात्री झोप लागायला हवी. पॅनलवर पावसाचा आवाज पत्र्यापेक्षा बराच कमी येतो.

डीलरशिप का नको

पॅनल कारखान्यात मापाप्रमाणे कापून येतं. प्रत्येक घराची लांबी वेगळी. मग गोडाऊन भरून ठेवणार काय? ज्या मालाचा साठा करता येत नाही, त्याच्या गोडाऊनसाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही. शिवाय नुसता भाव सांगायचा असेल तर गिऱ्हाईक फोनवर पाच कंपन्यांचे भाव काढतं. तुमच्या हातात काय उरलं?

मोजमाप मात्र फोनवर होत नाही. एक हिशेब करू. खोली २० बाय ३० फूट. गिऱ्हाईक म्हणतं, ६०० फूट. पण चारी बाजूंना दीड-दीड फूट वळचण सोडली की छत होतं २३ बाय ३३, म्हणजे ७५९ चौरस फूट. शंभराला सव्वीस जास्त! कंपनी बोलते चौरस मीटरमध्ये: साधारण ७०.५. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाइकाला तुम्ही लबाड वाटता.

पुढची गंमत बघा. पॅनल साधारण १ मीटर रुंदी झाकतं. ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर ६ सेंटिमीटर. नुसतं मोजून ऑर्डर दिली तर ११ पॅनल येतात. जाणकार फिटर दोन्हीकडची वळचण सव्वा-सव्वा इंचानं कमी करतो आणि १० पॅनलमध्ये काम बसवतो. सात मीटरचं एक अख्खं पॅनल वाचलं. आणि हो, ते सात मीटरचं धूड वाईच्या किंवा साताऱ्याच्या पेठेतल्या बोळात वळणार का, तेही ऑर्डरच्या आधीच बघायचं. हे ज्याला कळतं त्याचा भाव कुणी पाडत नाही.

कुठं 'नाही' म्हणायचं

माझ्या मते हा धंदा टिकणार तो नाही म्हणणाऱ्यांचाच.

ज्याला दोन वर्षांत वरचा मजला चढवायचाय, त्याला सांगा, थांबा आणि स्लॅब टाका.

छतातून चुलीचं किंवा बंबाचं धुराडं वर जाणार असेल, तर पफ तिथं लावू नका. पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. धुराडं बाहेरच्या भिंतीनं वळवा, किंवा तेवढ्या भागाला रॉकवूलचं पॅनल घ्या. पॅनल चढल्यावर त्याच्याजवळ वेल्डिंग नको. कैच्यांचं सगळं वेल्डिंग आणि रंग आधी उरका.

गच्ची पूर्ण झाकण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. वाळवण कुठं घालायचं? कुरडया, पापड, सांडगे, हळद, शेंगा, सगळं त्या गच्चीवरच असतं. पुरुष ऑर्डर देतात आणि चैत्रात घरात वाद होतो. तुम्ही आधी विचारलंत, तर त्या माउलीच्या तोंडून तुमची जी जाहिरात होते ती पैसे देऊन मिळत नाही.

नगरपालिकेच्या हद्दीत परवानगीची विचारणा गिऱ्हाइकाकडून लेखी करून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं तर परवानगीशिवाय स्क्रूसुद्धा मारू नका.

आणि वळीव विसरू नका. आपल्याकडं पत्र्यावर दगड ठेवतात ते उगीच नाही. हलकं छत वारा खालून उचलतो. पर्लिनमधलं अंतर आणि स्क्रूची संख्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवा. कैच्या भिंतीत किंवा कॉलममध्ये नीट धरल्यात का, ते इंजिनियरकडून बघून घ्या. त्याची फी अंदाजपत्रकातच धरा.

सुरुवात कशी करायची

पहिले सहा महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करा. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ परिसरात बेदाण्याची, हळदीची कोल्ड स्टोरेज आहेत. पॅनल जोडणं, सांधा सील करणं, हे काम तिथं रोजचं आहे. पॅनलला ग्राइंडर लावायचा नाही, ठिणग्यांनी कोटिंग जळतं आणि गंज धरतो. कापायला जिगसॉ वापरायचा. काम झालं की वरचा लोखंडी चुरा त्याच दिवशी झाडून काढायचा. या गोष्टी पुस्तकात वाचून हाताला येत नाहीत.

भांडवल किती? ड्रिल, स्क्रू गन, जिगसॉ, शिडी, दोरी आणि प्रत्येक माणसाला सेफ्टी बेल्ट. बेल्टवर काटकसर करू नका, आणि माणसांचा अपघात विमा पहिल्या कामाआधी काढा. पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (महिलाही त्यातच येतात) ३५ टक्के अनुदान आहे. पण अनुदान मोठं दिसतं म्हणून प्रकल्प मोठा करू नका. कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. माल आणि फिटिंग एकत्र घेऊन घराचं काम केलंत, तर ते वर्क्स काँट्रॅक्ट म्हणजे सेवा धरलं जातं. म्हणून नोंदणीची मर्यादा ४० लाखांची न धरता २० लाखांची धरा. दोन-चार मोठ्या कामांत ती येते. सीएला आधीच भेटा.

पैसे घेण्याची माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. मालाचे पूर्ण पैसे ऑर्डरच्या वेळी, कारण पॅनल त्याच घराच्या मापाचं येणार, दुसरीकडं चालणार नाही. मजुरी काम संपल्यावर. पण एकूण बिलातले १० टक्के गिऱ्हाइकाकडंच ठेवायचे, पहिला मोठा पाऊस होईपर्यंत. पाऊस झाला, छत गळलं नाही, की जाऊन घ्यायचे.

बरेच जण म्हणतील, सर, दहा टक्के अडकले तर? अडकतील एखाद्या ठिकाणी. पण माझ्या खोलीत बादल्या ठेवल्या होत्या तेव्हा ज्याचा फोन लागत नव्हता, त्याला मी आजपर्यंत एकही काम सुचवलेलं नाही. आणि तासगावच्या त्या मुलाचा नंबर मी किती जणांना दिलाय, ते मलाच आठवत नाही.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या तीन घरांत भर दुपारी अर्धा-अर्धा तास बसून या. काही विकू नका, फक्त विचारा: उन्हाळ्यात दुपारी कुठं बसता? पावसात कुठं गळतं? मिळालेली उत्तरं वहीत लिहा आणि मला खाली कळवा.