चाळीस पैशांचा हिशोब

मुलांना कोडिंग शिकवताय ना? मग एक गणित घाला: कमीत कमी नाण्यांत 40 पैसे द्या. नाणी 2011 मध्ये चलनातून गेलेली, 5, 10, 20 आणि 25 पैशांची. (मुलांनी चाराणे पाहिलेलेच नसतात, तो भाग वेगळा.) 'ग्रीडी' पद्धतीत प्रत्येक वेळी बसेल ते सर्वांत मोठं नाणं उचलायचं: 25, मग 10, मग 5. झाली तीन. पण 20 ची दोनच पुरतात की! आजच्या 1, 2, 5, 10, 20 रुपयांत हीच पद्धत चुकत नाही, म्हणून तर ती फसवते.

माझं स्पष्ट मत आहे, नमुन्याचं उत्तर जुळलं म्हणून लगेच शाबासकी देऊ नका. 'हे कुठे मोडेल, दाखव बरं,' असं विचारा. नाहीच सापडलं, तर का मोडत नाही ते वहीत लिहायला लावा. कोड त्यानंतर.