रोहित पक्ष्यांना भरतीच्या वेळी थारा कोठे?

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणारे विमान घाटकोपरच्या आकाशात रोहित पक्ष्यांच्या थव्यास धडकले. विमान सुखरूप उतरले. ३९ पक्षी प्राणास मुकले. आपण मुलुंडकरांनी ही घटना केवळ अपघात समजून विसरू नये.

रोहित पक्षी ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात शेवाळ टिपतात आणि भरती आली की जवळच्या उथळ पाणथळींत विसावतात. २०१५ साली खाडीचे सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले. २०२२ मध्ये त्यास रामसर दर्जाही लाभला. मात्र विसाव्याच्या कित्येक जागा सीमेबाहेरच राहिल्या. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येणे अडले, तेव्हा पर्यावरण संस्था व रहिवासी यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. एप्रिल २०२५ मध्ये तो ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्याने मान्यता दिली.

आता प्रश्न आपल्या दारी आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी वापरण्याचा निर्णय घेतला. गरिबाला हक्काचे घर मिळालेच पाहिजे. परंतु मिठागरे भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेतात. तेथे भराव पडला तर ते पाणी त्याच गरिबाच्या उंबरठ्यावर येईल. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’मध्ये सृष्टीची व दीनांची हाक एकच मानली, ती याच अर्थाने. म्हणून ‘पक्षी की माणूस’ हा वादच फसवा आहे. दोघांचाही निवारा सुरक्षित राहील अशी जागा शासनाकडे मागणे, हे आपले कर्तव्य आहे.